पीडीएफमध्ये दिसलेला शिक्का

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या पंधरवड्यात बेकायदा डाउनलोडविषयी काही पत्रे प्रसिद्ध झाली. आजच्या तरुणांना फुकटची चटक लागली आहे, दुसऱ्याच्या कष्टांची त्यांना किंमत नाही आणि कॉपीराइट कशाशी खातात हेही त्यांच्या गावी नाही, असा बहुतेक पत्रलेखकांचा सूर होता. महाविद्यालयीन ग्रंथालयात ३१ वर्षे काढून निवृत्त झालेला मी एक ग्रंथपाल आहे. ज्या वयाच्या मुलामुलींविषयी हे लिहिले गेले त्यांच्याशीच माझा रोजचा व्यवहार होता. त्या अनुभवावरून मला वाटते, की पत्रलेखकांनी जे पाहिले ते खरे आहे. मात्र त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटलेला नाही.

प्रथम एक प्रसंग सांगतो. निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी, परीक्षा आठ दिवसांवर आली असताना, दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी देवघेवीच्या खिडकीशी आला आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. एका संदर्भपुस्तकाची पीडीएफ त्यावर उघडलेली होती. "सर, यात २११ नंतर एकदम २१४ येतं. मधली दोन पानं आपल्याकडच्या पुस्तकात असतील का?" स्कॅन करणाऱ्याच्या हातून एक पान जास्तीचे उलटले गेले होते, हे उघड होते. मी फाइल मागेपुढे सरकवून पाहू लागलो. काही पानांच्या कडेला कोणाचा तरी अंगठा आला होता, शिवणीकडच्या ओळी आत वळून अस्पष्ट झाल्या होत्या, आणि मग एका पानावर माझी नजर थांबली. पुस्तक दाखल करून घेताना शीर्षकपानाबरोबरच आतल्या एका ठरावीक पानावरही शिक्का मारण्याची ग्रंथालयांत पद्धत आहे. त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो, कारण शिक्क्याचे शीर्षकपान फाडून टाकणाऱ्याला या दुसऱ्या पानाची कल्पना नसते. त्या गुप्त पानावर आमच्याच ग्रंथालयाचा जांभळा शिक्का होता आणि त्याखालचा दाखल क्रमांक माझ्या अक्षरातला होता.

मला राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्यात थोडे कौतुकही मिसळलेले होते, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. चारशेहून अधिक पानांचे पुस्तक घरी नेऊन, एकेक पान उलटून कॅमेऱ्याखाली सपाट धरायचे आणि त्याची फाइल तयार करायची, यात कोणाच्या तरी एकदोन रात्री सहज गेल्या असतील. त्याला त्यातून एक दमडीही मिळाली नव्हती. स्वतःचा लाभ नसताना रात्र जागवणाऱ्या माणसाला चोर म्हणताना जीभ जराशी अडखळते. समोरच्या मुलाला मी विचारले, की ही फाइल तुला कुठून मिळाली? तो म्हणाला, "ग्रुपवर आली होती."

या क्रियापदाकडे मी आपल्या वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. गेल्या काही वर्षांत मुलांच्या तोंडून "मी पुस्तक उतरवून घेतले" असे वाक्य मी क्वचितच ऐकले. फाइल येते, ती मिळते, ग्रुपवर असते, कोणीतरी टाकलेली असते. पाऊस यावा तशी ती येते आणि तो पाडणारा कोणी नसतो. पूर्वी टॉरेंट, म्हणजे इतरांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी उतरणारी फाइल, शोधून, ती पुरवणारे सीडर किती आहेत ते पाहून, रात्रभर संगणक चालू ठेवून चित्रपट उतरवणाऱ्याला आपण काहीतरी करतो आहोत याची निदान जाणीव असे. आता एका मेसेजिंग ॲपच्या चॅनेलवर बोट ठेवले की काम झाले. वर्गाचे वेळापत्रक त्याच मार्गाने येते, आजीच्या वाढदिवसाचे फोटो त्याच मार्गाने येतात आणि पुस्तकही त्याच मार्गाने येते. यातले कोणते परवानगीने आले आणि कोणते परवानगीवाचून, हे फाइलच्या चेहऱ्यावर कुठेही लिहिलेले नसते. म्हणून त्या मुलाला फाइलमधला शिक्का दाखवून मी जेव्हा म्हणालो, की हे आपल्याच कपाटातले पुस्तक आहे, तेव्हा तो दचकला. पीडीएफच्या पलीकडे एक खरेखुरे पुस्तक आहे आणि ते वीस पावलांवर उभे आहे, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवले असावे.

अशा मुलाला "ही चोरी आहे" असे ऐकवून काय होते, हे जगाने करून पाहिलेले आहे. २००४ च्या सुमारास चित्रपट उद्योगाने एक जाहिरात काढली होती. मोटार चोरणे आणि चित्रपट उतरवणे एकाच मापाने मोजणारी ती जाहिरात पैसे देऊन डीव्हीडी आणणाऱ्या माणसालाच सुरुवातीला सक्तीने पाहावी लागे, आणि फुकट प्रत मिळवणाऱ्याच्या प्रतीतून ती कापलेली असे. तरुणांनी तिची इतकी टिंगल केली, की तिचे विडंबन मूळ जाहिरातीपेक्षा जास्त लोकांना ठाऊक असावे. शिवाय मुलांच्या आक्षेपात तथ्यही आहे. माझी सायकल कोणी नेली तर माझ्याकडे सायकल उरत नाही. माझ्या गाण्याची प्रत केली तर गाणे माझ्याकडे राहतेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली परवानगीवाचून काढलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या एका प्रकरणात हाच भेद मान्य केला होता आणि कॉपीराइटचा भंग करून तयार झालेली प्रत म्हणजे चोरीच्या मालाच्या कायद्यातला "चोरीचा माल" नव्हे, असे म्हटले होते. त्यामुळे ते कृत्य वैध ठरत नाही. ते वेगळ्या जातीचे उल्लंघन ठरते एवढेच. आपल्या भाषेत यासाठी स्वामित्वहक्क आणि प्रताधिकार असे दोन शब्द चालतात. मला दुसरा अधिक नेमका वाटतो, कारण वस्तूच्या मालकीशी नव्हे, तर प्रत काढण्याच्या अधिकाराशी या कायद्याचा संबंध आहे, हे तो शब्द उच्चारताच कळते. "स्वामित्व" म्हटले की सायकलीची उपमा आपोआप पुढे येते, आणि मग सायकलीवरूनच वाद हरला जातो.

आम्हा ज्येष्ठांना उपदेशाचा अधिकार कितपत आहे, हाही प्रश्नच आहे. रेडिओवर आवडते गाणे लागण्याची वाट पाहत, निवेदकाचा आवाज येताच पॉजचे बटण दाबून, मी स्वतः कॅसेटी भरलेल्या आहेत. १९८१ मध्ये ब्रिटनमधल्या संगीत उद्योगाने घरी कॅसेट भरण्याने संगीताचा जीव चालला आहे अशी मोहीम काढली होती. संगीत काही मेले नाही. व्हिडिओ रेकॉर्डरवरून चित्रपट कंपन्या अमेरिकेत न्यायालयात गेल्या तेव्हा १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने घरगुती रेकॉर्डिंगला मोकळीक मिळाली. आणखी मागे जायचे तर खुद्द अमेरिकेने परदेशी लेखकांना १८९१ पर्यंत संरक्षणच दिले नव्हते. चार्ल्स डिकन्सने १८४२ च्या दौऱ्यात त्याविरुद्ध आवाज उठवला तर तिथल्या वृत्तपत्रांनी त्यालाच पैशाचा लोभी ठरवले. तरुण वयात सगळेच थोडे चाचे असतात, देशसुद्धा, असे म्हणण्याचा मोह मला होतो.

धाक दाखवण्याचाही प्रयोग झालेला आहे. १९९९ साली एका १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने गाण्यांच्या फाइली एकमेकांना देण्याचे नॅपस्टर सुरू केले आणि २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशापुढे ते बंद पडले. पुढे २००३ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने थेट गाणी उतरवणाऱ्या व्यक्तींवरच दावे लावले. पहिल्याच खेपेत एक बारा वर्षांची मुलगी सापडली. २००८ मध्ये हा प्रकार थांबवण्यात आला तोवर सुमारे ३५ हजार लोकांवर कारवाई झालेली होती. त्यांतल्या एका खटल्यात केवळ २४ गाण्यांसाठी ज्युरींनी १९ लाख २० हजार डॉलरची भरपाई ठोठावली. पुढे ती बरीच खाली आली, पण बातमी व्हायची ती होऊन गेली. यातून तरुण पिढी कायदा शिकली का? ती लपायला शिकली. स्वीडनमध्ये २००९ च्या एप्रिलमध्ये टॉरेंट शोधून देणाऱ्या पायरेट बे या संकेतस्थळाच्या चालकांना शिक्षा झाली आणि जूनमध्ये प्रताधिकाराचे कायदे सैल करा म्हणणाऱ्या तिथल्या पायरेट पक्षाला युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ७ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. शिक्षेने माणसे वचकतात तेव्हा असे निकाल लागत नाहीत.

ज्याने खरोखर फरक पडला ती गोष्ट फारच साधी होती. २००३ मध्ये ॲपलने ९९ सेंटला एक गाणे विकायला काढले, २००८ मध्ये इंटरनेटवरून गाणी ऐकवणारे स्पॉटिफाय सुरू झाले, आणि फाइली शोधत बसण्यापेक्षा हे सोपे आहे असे दिसताच असंख्य मुले तिकडे वळली. पुढे चित्रपट आणि मालिका पाच-सहा सेवांत वाटल्या गेल्या, एका देशात दिसते ते दुसऱ्या देशात दिसेना, तेव्हा त्यांतली बरीच परतही फिरली. म्हणजे यात सोयीचा भाग मोठा आहे, हे मान्य. पण सोय एवढेच कारण असते तर मला हे पत्र लिहावेसे वाटले नसते.

मला ज्याने विचारात पाडले तो प्रसंग एका विद्यार्थिनीचा आहे. चित्रकलेचा हात उत्तम असलेली ही मुलगी महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची मुखपृष्ठे करीत असे. एक दिवस ती रडवेली होऊन ग्रंथालयात आली. तिने इंटरनेटवर टाकलेले एक चित्र समाजमाध्यमावरच्या, हजारो अनुयायी असलेल्या कोणा पानाने उचलून स्वतःचे म्हणून लावले होते आणि उजव्या कोपऱ्यातली तिची सही दिसू नये म्हणून चित्राची तेवढी कड कापली होती. "सर, तक्रार कुठे करायची?" असे तिने विचारले. तक्रारीचा नमुना भरताना मी सहज विचारले, की चित्र कशावर काढलेस? तिने एका महागड्या सॉफ्टवेअरचे नाव घेतले आणि पुढे निरागसपणे म्हणाली, "क्रॅक व्हर्जन आहे सर, विकत कुठलं परवडतंय." मी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले असावे, कारण क्षणभराने तीच म्हणाली, "पण सर, मी त्यांचं नाव कुठे पुसलंय?"

हे वाक्य मी पुढे कित्येक दिवस घोळवत होतो. पहिल्यांदा ते पळवाट वाटले. मग लक्षात आले, की ही पळवाट नाही. हा एक पूर्ण विचार आहे आणि तिच्या वयाच्या बहुतेकांचा आहे. यांच्या लेखी खरा अपराध आहे तो नाव पुसण्याचा. मोबदला बुडाला तर ते "जाऊ दे" म्हणतील, स्वतःचा असला तरीही म्हणतील. पण दुसऱ्याचे काम स्वतःचे म्हणून मिरवणाऱ्याला त्यांच्या जगात माफी नाही. कोणी एखाद्याचा विनोद, नाचाची रचना किंवा छायाचित्र श्रेय न देता उचलले, तर त्याखाली प्रतिक्रियांचा जो भडिमार होतो तो आपल्या पत्रलेखकांनी एकदा पाहावा. कोणत्याही न्यायालयाने इतक्या तातडीने आणि इतक्या कठोरपणे निकाल दिलेला नसेल. ज्यांना प्रताधिकाराचे भान नाही असे आपण म्हणतो, त्यांनी श्रेयाच्या बाबतीत स्वतःची एक दंडसंहिताच उभी केलेली आहे.

आणि ही संहिता कायद्याला परकी नाही. प्रताधिकाराचे दोन भाग असतात. एक आर्थिक: प्रत काढणे, विकणे, भाषांतराला परवानगी देणे, तो विकता येतो, प्रकाशकाकडे जातो, मुदतीने संपतो. दुसरा नैतिक: ही कृती माझी आहे असे म्हणवून घेण्याचा आणि माझ्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार. लेखकांच्या हक्कांविषयीचा बर्न करार १८८६ चा आहे. हा दुसरा भाग त्यात १९२८ मध्ये रोमच्या बैठकीत घालण्यात आला, आणि आर्थिक हक्क विकून टाकले तरी हा अधिकार लेखकाकडे उरतो, असे तिथे स्पष्ट केले गेले. माझ्या त्या विद्यार्थिनीने हा करार वाचला नव्हता. तरी सही कापली गेल्यावर तिला जे झोंबले ते नेमके त्या कलमातले आहे.

यालाच जोडून आणखी एक गोष्ट. आपले काम लोकांनी मुक्तपणे वापरावे असे वाटणाऱ्यांसाठी २००२ च्या डिसेंबरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने निघाले. सुरुवातीला त्यात श्रेय मागायचे की नाही हेही देणाऱ्याने ठरवायचे होते. पण पैसा सोडायला तयार असलेल्यांपैकी जवळजवळ कोणीच नाव सोडायला तयार नव्हता, म्हणून २००४ च्या सुधारित आवृत्तीत श्रेयाची अट नेहमीसाठीच ठेवण्यात आली. फुकट वाटणाऱ्यांनाही नाव हवेच असते.

मग अडचण कुठे आहे? नावाशी पोट जोडलेले असते ही गोष्ट या मुलांना दिसत नाही, आणि ती दिसू नये अशी व्यवस्था आपण मोठ्यांनी करून ठेवलेली आहे. मुले विचारतात, "पैसे दिले तरी कलाकाराला मिळतात का?" हा प्रश्न उर्मटपणाचा नाही. संगीताच्या बहुतेक सेवांत वर्गणीचा सगळा पैसा एका हौदात जमा होतो आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे हक्कधारकांत वाटला जातो. महिनाभर मी एकाच अपरिचित गायिकेची गाणी ऐकली तरी माझ्या वर्गणीचा बहुतांश भाग ज्यांना मी कधी ऐकलेच नाही त्यांच्याकडे जातो. संशोधनपत्रिकांची तऱ्हा तर याहून विचित्र आहे. लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकाला त्याचे पैसे मिळत नाहीत, तो तपासणाऱ्या तज्ज्ञालाही सहसा मिळत नाहीत, आणि त्यांच्याच महाविद्यालयाला तो लेख वाचण्यासाठी जबर वर्गणी भरावी लागते. दरवर्षी वर्गण्या वाढल्या की कोणती पत्रिका बंद करायची याची यादी मीच करीत असे, आणि ते काम मला कधीही आवडले नाही. २०११ मध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या विशीतल्या तरुणीने साय-हब हे संकेतस्थळ सुरू करून असे लेख सर्वांना उघडे केले. अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकाशनसंस्थेच्या दाव्यात तिच्याविरुद्ध दीड कोटी डॉलरचा निकाल दिला. त्याच्या आदल्याच वर्षी "नेचर" या नियतकालिकाने विज्ञानक्षेत्रात त्या वर्षी महत्त्वाच्या ठरलेल्या दहा व्यक्तींत तिची गणना केली होती. तिचे कृत्य कायद्याच्या बाहेरचे आहे, यात शंका नाही. पण एखादा संशोधक विद्यार्थी तिथून लेख घेताना दिसला, तर त्याला मी चोर म्हणू शकलो नाही, हेही खरे आहे.

"विकत घ्या" असे बटण दाबून आपण काय घेतो, याविषयीही मुले आपल्यापेक्षा सावध आहेत. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके पैसे भरलेल्या ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून परस्पर पुसून टाकली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. कंपनीने नंतर माफी मागितली, तरी आपल्या कपाटात येऊन कोणी पुस्तक घेऊन जाऊ शकतो हे लोकांना कळायचे ते कळले. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. आपली कामे परवानगीवाचून यंत्राला शिकवण्यासाठी वापरली म्हणून लेखक, चित्रकार आणि वृत्तपत्रे यांनी २०२३ पासून ती बनवणाऱ्या कंपन्यांवर खटले भरलेले आहेत. त्यांचा निवाडा न्यायालये करतील. पण एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, त्यांनी अख्खी कपाटं उपसली तर ते तंत्रज्ञान, आणि आम्ही एक पुस्तक घेतलं तर पायरसी?" माझ्याकडे तयार उत्तर नव्हते.

एवढे सगळे मान्य करूनही मुलांची बाजू मी पूर्णपणे घेणार नाही, कारण त्यांच्या युक्तिवादात एक सोयीस्कर घसरण आहे. बलाढ्य कंपनीविरुद्ध तयार केलेला मुद्दा ते एखाद्या एकट्या लेखकाविरुद्धही बिनदिक्कत वापरतात. जिथे लेखकाला मुळातच पैसे मिळत नाहीत त्या संशोधनलेखाचे समर्थन होऊ शकते. ज्या दिवशी चित्रपट झळकला त्याच रात्री तो उतरवण्याचे होऊ शकत नाही, तिथे फक्त अधीरपणा असतो. आणि छोट्या आवृत्तीच्या पुस्तकाचे तर मुळीच होऊ शकत नाही. ज्या पुस्तकाच्या पीडीएफवर आमचा शिक्का होता त्याचे उदाहरण घ्या. असे पुस्तक लिहायला काही वर्षे जातात. मग त्याचे संपादन होते, आकृत्या काढल्या जातात, मुद्रिते तपासली जातात, सूची तयार होते. यांपैकी सूचीकाराचे किंवा मुद्रितशोधकाचे नाव पुस्तकात बहुधा नसतेच. पुसायला नावच नसलेली ही माणसे मुलांच्या श्रेयाच्या संहितेत कुठे बसतच नाहीत, आणि खप बसला की पहिली कात्री त्यांच्यावरच चालते. त्या पुस्तकाच्या प्रती खपेनाशा झाल्या, म्हणून सुधारित आवृत्ती निघाली नाही. आणि सुधारित आवृत्ती नाही, म्हणून जुन्या आवृत्तीतली एक चुकीची आकृती त्या पीडीएफमधून वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांत उतरत राहिली. आमच्या प्राध्यापकांना ती आकृती दिसली की पीडीएफ ओळखू येई.

आणखी एक तरुण आठवतो. १९७६ च्या फेब्रुवारीत त्यानेही एक अनावृत पत्रच लिहिले होते. महिनोन् महिने खपून तयार केलेली संगणकप्रणाली हौशी मंडळी एकमेकांना फुकट वाटतात, मग चांगले काम करायला पुढे येणार कोण, असा त्याचा सवाल होता. पत्रलेखक वीस वर्षांचा होता आणि त्याचे नाव बिल गेट्स. तो पुढे किती श्रीमंत झाला हे बाजूला ठेवून त्या पत्रातला त्रागा वाचावा. तो सही कापल्या गेलेल्या माझ्या विद्यार्थिनीच्या त्राग्यापेक्षा फारसा निराळा नाही. वय एकच, बाजू मात्र दोन. आज बहुतेक मुलामुलींच्या हातात कॅमेरा आहे, गाणे ध्वनिमुद्रित करण्याची सोय आहे; घेणारी आणि निर्माण करणारी बाजू एकाच व्यक्तीत एकत्र आलेली आहे. पूर्वीच्या कोणत्याही पिढीला हा विषय समजावणे इतके सोपे नव्हते, आणि आपण मात्र अजून सायकल आणि मोटारीच्या उपमांत अडकून पडलो आहोत.

माझी सूचना लहानशी आहे. महाविद्यालयांत वर्षारंभी ग्रंथालयाची ओळख करून देण्याचा एक तास असतो. त्या तासाला प्रताधिकाराचा दंड किती आणि तुरुंगवास किती हे सांगण्याऐवजी, मुलांना त्यांनी स्वतः काढलेले एक छायाचित्र किंवा लिहिलेला एक परिच्छेद घेऊन बसवावे आणि त्याच्यासाठी परवाना निवडायला लावावे. हे कोणी वापरले तर चालेल का? नाव हवे का? त्यात बदल केले तर? त्यातून कोणी पैसे कमावले तर? शेवटच्या प्रश्नाला वर्गात हमखास कुजबुज सुरू होते, हे मी दोनतीन वेळा करून पाहिले आहे. श्रेयावर थांबलेला विचार तिथे पहिल्यांदा मोबदल्याकडे सरकतो, आणि तो कोणी ढकललेला नसतो.

मोफत वाचायला मिळणे आणि लेखकाला मोबदला मिळणे यांत वैर आहे, असेही मुलांना वाटू देऊ नये. डेन्मार्कमध्ये १९४६ पासून ग्रंथालयांतल्या पुस्तकांबद्दल लेखकांना सरकारकडून पैसे मिळतात. ब्रिटनने १९७९ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि तिथे पुस्तक जितक्या वेळा वाचकाच्या घरी जाते त्या प्रमाणात लेखकाच्या नावावर रक्कम जमा होते. वाचक एक पैसाही देत नाही. याची चर्चा आपल्या दैनिकाने घडवून आणली, तर तरुणांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आणखी दहा पत्रांपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल. पहिला प्रताधिकार कायदा ब्रिटनमध्ये १७१० साली झाला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच तो विद्येच्या उत्तेजनार्थ असल्याचे म्हटले होते आणि मुदत होती अवघी १४ वर्षांची, लेखक हयात असल्यास आणखी १४. आज ती अनेक देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत लांबलेली आहे. एवढ्या लांब मुदतीचा आदर बाळगा असे सांगताना तिचे कारण सांगण्याची जबाबदारीही सांगणाऱ्यावर येते, आणि मला स्वतःला ते कारण नीटसे सांगता येत नाही.

सुरुवातीच्या प्रसंगातल्या मुलाविषयी सांगायचे राहिले. शिक्का पाहून तो ओशाळला, "मी नाही केलं सर," असे दोनदा म्हणाला, आणि मी त्याला कपाटातून मूळ पुस्तक काढून दिले. वाचनकक्षात बसून त्याने २१२ आणि २१३ ही पाने वाचली, मग मोबाइल बाहेर काढला आणि तो पानावर धरण्याआधी खिडकीशी येऊन विचारले, "सर, एवढ्या दोन पानांचा फोटो घेतला तर चालतं ना?" अभ्यासासाठी दोन पाने चालतात, असे मी त्याला सांगितले. पुस्तक परत करताना त्याने विचारले, की पीडीएफ ज्याने केली त्याला ही दोन पाने पाठवता येतील का. पण तो कोण, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल